म्हातारपणीची चाल आणि लहानपणीची शाळा

बीपी मोजतात, शुगर मोजतात, वजन करतात, आजकाल बोटाला ती क्लिप लावून ऑक्सिजनपण बघतात, पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला "जरा इथून तिथपर्यंत चालून दाखवा बघू" असं म्हणणारा डॉक्टर मला तरी क्वचितच भेटलाय. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीबद्दल त्याची चाल जेवढं सांगते तेवढं दुसरं काही इतक्या स्वस्तात सांगत नाही. मशीन नको, रक्त नको, चार मीटर सपाट जमीन आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच, बस.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. २०११ साली नऊ वेगवेगळ्या स्टडींचे आकडे एकत्र करून एक मोठा पेपर आला होता, ६५ च्या वरची ३४,४८५ माणसं त्यात होती, आणि त्यातून असं दिसलं की चालण्याचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने जास्त असला की मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी. ०.१ मीटर म्हणजे किती, वीतभरसुद्धा नाही! आणि त्याहून मला थक्क करणारी गोष्ट ही, की वय, बाई की पुरुष, आणि चालण्याचा वेग एवढ्या तीनच गोष्टी घेऊन पुढच्या आयुष्याचा जो अंदाज निघतो तो जुने आजार, सिगारेट, बीपी, वजन, हॉस्पिटलच्या वाऱ्या हे सगळं लिहून काढलेल्या अंदाजाइतकाच बरोबर येतो. म्हणूनच फिजिओ लोक चालण्याच्या वेगाला सहावं 'व्हायटल साइन' म्हणतात, म्हणजे नाडी, बीपी, ताप, श्वास ह्यांच्या पंगतीत बसवतात. आणि आपण मात्र कोणी हळू चालायला लागलं की "वय झालं" म्हणून मोकळे होतो.

मला जे लिहायचंय ते ह्या "वय झालं" बद्दलच आहे.

माझी आई आणि तिची चुलत बहीण, मी तिला मावशीच म्हणते, दोघी एकाच वाडीत वाढल्या, इकडे गोव्यात, म्हार्दोळच्या बाजूला. वयात काही महिन्यांचा फरक, दोघी आता सत्तरीच्या. एकाच विहिरीचं पाणी, तेच शीत-कडी, तेच नुस्ते म्हणजे मासे, पावसात तोच गुडघाभर चिखल. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि मग खेड्याखेड्यात मराठी प्राथमिक शाळा उघडत गेल्या, तशी ह्यांच्या वाडीजवळही एक आली. दोघी तेव्हा सात-आठ वर्षांच्या, दोघी एकदमच पहिलीत बसल्या. पुढे मावशीचे वडील गेले, ती घरातली मोठी, पाठीवर तीन भावंडं, मग दुसरीतच शाळा सुटली आणि ती भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या कुळागरात, सुपारीच्या बागेत, सुपाऱ्या गोळा करायला, पाणी काढायला, शेणाच्या पाट्या वाहायला जायला लागली. आई शिकत राहिली, ट्रेनिंग केलं, प्राथमिक शिक्षिका झाली, आता पेन्शन येतं.

आमच्या सोप्यावर मी टेप लावून चार मीटरची खूण केली, आधी-नंतर एकेक मीटर जास्त सोडलं म्हणजे सुरुवातीची आणि थांबायची गडबड त्यात धरली जात नाही, आणि दोघींना सांगितलं की नेहमीसारखं चाला, शर्यत नाहीये. आईला चारच्या जरा आत सेकंद लागले. मावशीला सहाच्या वर. म्हणजे आई सेकंदाला एक मीटरच्या थोडं वर, मावशी पाऊण मीटरसुद्धा नाही, ०.६५ च्या आसपास. मी मुद्दाम दोघींना परत चालायला लावलं, तेच आलं.

आता दोन बायकांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. मावशीचे गुडघे दुखतात, शुगर आहे, आईला नुसतं बीपी. कोणीही म्हणेल की गुडघे दुखतात म्हणून ती हळू चालते, त्यात शाळेचा काय संबंध. पण गुडघे का दुखतात, शुगर का उशिरा कळली, कळल्यावर पण औषध का मध्येच सुटलं, हे एकेक मागे मागे शोधत गेलं ना, की परत परत त्या सुटलेल्या शाळेपाशीच येऊन पोचायला होतं. आणि हे फक्त आमच्या वाडीत नाही, जिथे मोजलंय तिथे बहुतेक ठिकाणी कमी-जास्त प्रमाणात हेच दिसलंय.

सगळ्यात मोठं काम २०१८ चं आहे, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेलं. २४ देश, ३७ स्टडी, १,०९,१०७ माणसं. त्यांनी माणसाची सामाजिक पातळी त्याच्या कामधंद्यावरून ठरवली होती, आणि कामधंदा कुठला मिळणार हे शाळेवर किती अवलंबून असतं ते आपल्याला सांगायला नको. तर त्यात निघालं असं, की खालच्या पातळीतला ६० वर्षांचा पुरुष वरच्या पातळीतल्या ६६.६ वर्षांच्या पुरुषाइतक्या वेगाने चालतो. म्हणजे साडेसहा वर्षं आधीच म्हातारा. बायकांमध्ये हा फरक ४.६ वर्षांचा. त्याच माणसांमध्ये डायबेटिसमुळे किती वर्षं जातात तेही त्यांनी काढलं, पुरुषांची ५.६ आणि बायकांची ६.३. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. डायबेटिसला आपण केवढं घाबरतो, गोळ्या घेतो, साखर सोडतो, तपासण्या करतो, आणि जवळजवळ तेवढंच नुकसान करणारी गोष्ट, म्हणजे आयुष्यात कुठल्या पायरीवर उभं राहायला मिळालं, तिचं नाव कुठल्याच रिपोर्टवर नसतं.

त्याच पेपरमध्ये अजून एक गोष्ट आहे जी आपल्यासाठी महत्त्वाची आहे. श्रीमंत देशांमध्ये हा फरक मोठा, पुरुषांत ८ वर्षं, आणि गरीब-मध्यम देशांमध्ये तो कमी, पुरुषांत २.६, बायकांत २.७. हे वाचून कोणी म्हणेल की चला, मग आपल्याकडे एवढा प्रश्न नाही. मला तसं वाटत नाही. मला वाटतं आपल्याकडे शिकलेली माणसंसुद्धा बसून बसून, खाऊन खाऊन चाल घालवतायत, म्हणून अंतर कमी दिसत असणार. गोव्याचंच घ्या, आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, जो मोठा डायबेटिसचा सर्व्हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात देशाचा आकडा ११.४ टक्के आणि गोव्याचा २६.४, सगळ्या राज्यांत पहिला. चारातल्या एकाहून जास्त! डायबेटिसमध्ये तळपायाच्या नसा बधिर होतात, पायाखाली काय आहे ते नीट कळेनासं होतं, माणूस आपोआप पाऊल छोटं टाकतो, पाय फाकवून चालतो. वरच्याची चाल खाली आली म्हणून अंतर मिटलं, तर त्यात आनंद मानण्यासारखं काय आहे.

वाडीत हा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, शिकलेल्यांनाच जास्त आजार, जुनी अडाणी माणसं बघ कशी धडधाकट, ऐंशीव्या वर्षी माडावर चढायची. मी पण अशी माणसं बघितलीयेत, नाही असं नाही. पण त्या पिढीतली जी माणसं पन्नाशीत-साठीत गेली ती आता दिसायला नाहीत ना. जे उरले ते मुळातच दणकट म्हणून उरले, आणि आपण फक्त त्यांनाच बघून हिशोब करतो. मावशीच्या बरोबर कुळागरात काम करणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी आता नाहीत. त्यांची चाल कोण मोजणार?

दुसरं वाक्य असं की "आयुष्यभर एवढं काम केलं, व्यायाम झालाच की." हे तर मला फार लागतं, कारण वरवर ते पटतं. पण कामाचे कष्ट आणि व्यायाम शरीराच्या हिशोबात सारखे नसतात, ह्यावर डेन्मार्कमध्ये वगैरे बरंच संशोधन झालंय. सकाळी अर्धा तास स्वतःच्या मर्जीने झपझप चालणं, मग अंघोळ, नाश्ता, विश्रांती, ही एक गोष्ट. आणि दिवसभर उकिडवं बसून सुपारी सोलणं, डोक्यावर ओझं घेऊन चिऱ्याच्या पायऱ्या चढणं-उतरणं, दमलं तरी थांबायची मुभा नाही, पोटात सकाळची पेज, आणि हे तिशीतही तसंच आणि पन्नाशीतही तसंच, ही वेगळी गोष्ट. पहिल्यात हृदय-स्नायू सुधारतात, दुसऱ्यात शरीराला भरून यायला वेळच मिळत नाही. उकिडवं बसणं आणि गुडघे टेकून काम करणं ह्याने गुडघ्याच्या सांध्याची झीज वाढते हे तर माहीतच आहे. आईच्या नोकरीतसुद्धा चालणं होतं, उभं राहून शिकवणं होतं, पण खुर्ची होती, मधली सुट्टी होती, बाळंतपणाची रजा होती. मावशीला बाळंतपणाची रजा कोण देणार होतं?

बरं, सगळं ओझ्यामुळे, गुडघ्यांमुळेच होतं असंही नाही. लंडनच्या सरकारी नोकरांवर एक खूप जुनी आणि मोठी स्टडी चालू आहे, व्हाइटहॉल म्हणतात तिला. ही सगळी ऑफिसातली माणसं, कोणी डोक्यावर पाट्या वाहिल्या नाहीत. तरी खालच्या ग्रेडचे कर्मचारी म्हातारपणाच्या सुरुवातीला वरच्या ग्रेडच्या साहेबांपेक्षा हळू चालतात असं निघालं. त्यातला काही भाग नुसत्या उंचीचा होता. उंची म्हणजे काय, तर लहानपणी पोटात काय गेलं, किती आजारपणं काढली ह्याची खूणच ती बऱ्याच अंशी. आई मावशीपेक्षा चांगली दोन-तीन बोटं उंच आहे. आधी मला कधी त्याचा विचार करावासा वाटला नव्हता.

आणि मग मेंदू. आपण समजतो चालणं पायांचं काम, पण पाय कधी उचलायचा, किती टाकायचा, तोल कसा सांभाळायचा हे सगळं मेंदू चालवतो, आणि वय वाढलं की त्यावर जास्तच लक्ष द्यावं लागतं. १९९७ मध्ये स्वीडनच्या लोकांनी एक अगदी साधी टेस्ट सांगितली होती, म्हाताऱ्या माणसाबरोबर चालत चालत गप्पा मारायच्या, जो माणूस उत्तर द्यायला थांबतो तो पुढे पडण्याची शक्यता जास्त. मावशी थांबते. तुळशीपाशी तिला विचारलं, "मावशी, बाजारात काय काय आणायचंय?" तर ती उभी राहते, एक हात कट्ट्याला लावते, मग सांगते, मिरच्या, तवशी (काकड्या), सुकी सुंगटां (कोळंबी), आणि सगळं सांगून झाल्यावर पुढचं पाऊल टाकते. आई चालता चालता शेजारच्या पोराला पाढ्यातली चूक सांगते. हे इतकं रोजचं आहे की आमच्या घरात कोणाचं तिकडे लक्षच नव्हतं.

शाळेत जी वर्षं जातात त्यात मेंदूला जे वळण लागतं, लक्ष देणं, दोन गोष्टी एकदम डोक्यात धरणं, त्याची एक शिल्लक तयार होते असं ह्या विषयातले लोक म्हणतात, आणि म्हातारपणी मेंदू झिजायला लागला की त्या शिलकीवर बराच काळ निभावतं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांना आजपर्यंत धरून ठेवलंय संशोधकांनी, ती मुलं ४५ वर्षांची झाल्यावर त्यांची चाल मोजली, ९०४ जणांची. सगळ्यात हळू चालणारे आणि सगळ्यात भराभर चालणारे ह्यांच्यात ते तीन वर्षांचे असताना केलेल्या बुद्धीच्या चाचण्यांतच सरासरी १२ गुणांचा फरक होता. ह्याचा अर्थ हळू चालणारा माणूस बुद्धीने कमी असा कोणी काढू नका, प्लीज, मला त्याचा राग येईल. मावशीला शंभर-एक ओव्या आणि अभंग तोंडपाठ आहेत, कुठल्या झाडाची किती सुपारी झाली ते ती वही न बघता सांगते. अर्थ एवढाच, की पंचेचाळिशीतल्या चालीची मुळं पार पाळण्यापर्यंत जातात, मेंदू आणि शरीर एकत्रच वाढतात आणि एकत्रच मागे पडतात, आणि ज्या वयात त्यांना खतपाणी लागतं त्या वयात ते मिळालं नाही तर नंतर सगळं कर्ज काढूनच चालतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे ती सांगते. कमी शिकलेल्यांची चाल कमी असते हे बहुतेक स्टडींमध्ये दिसतं, पण वयाबरोबर ती जास्त वेगाने घसरते का, ह्यावर सगळ्या स्टडी एकसारखं सांगत नाहीत, काहींत घसरण दोघांची सारखीच दिसते. मला वाटायचं की मग ठीक आहे, घसरण तर सारखी. पण कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळलं की सारख्या घसरणीनेसुद्धा केवढा फरक पडतो. हिशोबापुरतं समजा, एक जण ४० व्या वर्षी सेकंदाला १.२ मीटर चालतो, दुसरा १.०५, आणि दोघांचा वेग दर वर्षी ०.०१ ने कमी होतो. ०.८ ही युरोपातल्या डॉक्टरांनी स्नायू खंगल्याच्या आजारात 'आता गंभीर' म्हणून ठरवलेली रेषा आहे. पहिला तिथे पोचेल ८० व्या वर्षी, दुसरा ६५ व्या. तीच घसरण, आणि पंधरा वर्षांचा फरक! खरी घसरण अशी सरळ रेषेत नसते, साठीनंतर ती वाढते, पण मुद्दा लक्षात आला असेल. आणि आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये आपल्या लोकांसाठी ही रेषा अजून वर, सेकंदाला १ मीटरवर आणलीये. म्हणजे चार मीटरला चार सेकंदांच्या वर वेळ लागला की लक्ष द्यायला हवं.

ह्या आकड्यांचा रोजच्या जगण्यात काय अर्थ होतो ते रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं. इंग्लंडमध्ये सिग्नलचा हिरवा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याच्या हिशोबाने लावलेला असायचा, आणि तिथे ६५ च्या वरच्यांची चाल मोजली तर ७६ टक्के पुरुष आणि ८५ टक्के बायका त्याहून हळू निघाल्या. आपल्याकडे फोंडा-पणजी रस्त्यावर सिग्नलचं सोडाच, दहा मीटर रस्ता ओलांडायला आईला साडेनऊ सेकंद पुरतात, मावशीला पंधराच्या वर लागतात, आणि तेवढ्या वेळात टुरिस्टांच्या भाड्याच्या गाड्या कुठून कुठे येतात. बसची पायरी गुडघ्याएवढी उंच, तिने दुसरा पाय वर घ्यायच्या आत बस हलते. म्हणून मावशीने आधी बाणस्तारीचा गुरुवारचा बाजार सोडला, मग देवळातलं भजन कमी केलं, मग "मला नको, तुम्ही जावा". माणूस घरात बसलं की स्नायू अजून जातात, आणि मग अजून हळू. आणि आजूबाजूचे म्हणतात, वय झालं.

मावशी स्वतःसुद्धा तेच म्हणते, "वय जालें गो बाय." तिला एका दवाखान्यात दाखवलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि एक कागद हातात दिला, गुडघ्यांच्या व्यायामाचा. पूर्ण इंग्रजीत, चित्रं नखाएवढी. तसाच कागद आईलाही पूर्वी मिळाला होता, आईने चष्मा लावून वाचला, शब्द अडले ते मला विचारले, कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि रोज सकाळी त्याप्रमाणे करत राहिली. मावशीने कागद नीट चार घड्या घालून देवाऱ्यातल्या डब्याखाली ठेवला, औषधांच्या चिठ्ठ्या ठेवते तिथे. म्हणजे कागदाचा मान ठेवला तिने, पण त्यातलं तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. शिक्षणाने चाल कशी बदलते असं मला कोणी विचारलं तर मी सगळे पेपर बाजूला ठेवून ह्या दोन कागदांचं सांगेन.

गेल्या वर्षी, २०२५ च्या ३० मे ला, घटक राज्य दिनाला, गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. मला खरंच अभिमान वाटला, १९६१ मध्ये इथे शंभरातल्या तीसेक माणसांनाच वाचता येत होतं. पण सत्तरीत सही करायला शिकलं म्हणून लहानपणी सुटलेल्या शाळेची भरपाई गुडघ्यात आणि मेंदूत होत नाही, आणि २०११ च्या जनगणनेत गोव्यात ११.२ टक्के लोक साठीच्या वर होते, केरळच्या खालोखाल. म्हणजे मावशीसारख्या बायका थोड्या नाहीत. त्यांची शाळा परत आणता येणार नाही पण त्यांची चाल थोडीफार आणता येते, आणि ही मला ह्या सगळ्यातली सगळ्यात चांगली बातमी वाटते. १९९४ मध्ये अमेरिकेत नर्सिंग होममधल्या १०० जणांवर प्रयोग केला, सरासरी वय ८७! ज्यांना दहा आठवडे पायांना वजन लावून व्यायाम दिला त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीच्या वर गेली आणि चाल जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढली. २०१४ मध्ये ७० ते ८९ वयाच्या १,६३५ माणसांवर अजून मोठा प्रयोग, अडीच-पावणेतीन वर्षं, एका गटाला चालणं आणि पायांचे व्यायाम, दुसऱ्याला नुसती आरोग्याची लेक्चरं. चालता येणं बंद पडण्याचं प्रमाण लेक्चरवाल्यांत ३५.५ टक्के, व्यायामवाल्यांत ३०.१. लेक्चरने नाही, करून घेतल्याने फरक पडला.

म्हणून मी मावशीसाठी कागद बाद केला. एका फिजिओला विचारून तीनच व्यायाम ठरवले, सोप्यावरच्या उंच कट्ट्यावरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, भिंतीला बोटं लावून टाचा उचलायच्या, आणि अंगणात फेऱ्या मारताना अभंग म्हणायचा, म्हणजे चालणं आणि बोलणं एकदम. ते मी कोकणीत बोलून रेकॉर्ड केलं, मोजत मोजत, आणि तिच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवलं, तो संध्याकाळी शाळेतून आला की लावतो. पहिल्यांदा ती कट्ट्यावरून उठताना मांडीवर हात दाबायची, साडीचा पदर आवळून धरायची, तिसऱ्या-चौथ्या वेळी दम लागायचा, आणि तरी नातू मोजतोय म्हणून दहा पूर्ण करायची. प्लास्टिकची खुर्ची मात्र घेऊ नका, ती मागे सरकते.

आता तिला चार मीटरला पाच सेकंदांच्या थोडं वर लागतात. ०.६५ चे ०.७५ झालेत असं धरा. ०.१ चा फरक हा म्हाताऱ्या माणसात चांगला ठळक फरक मानतात. ती अजून 'गंभीर' रेषेच्या खालीच आहे, शुगरच्या गोळ्या चालूच आहेत, आईला ती कधीच गाठणार नाही कदाचित. पण गणपतीच्या दिवसांत माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या मांडवीचं, सामान बघायला ती स्वतः बाजारात आली होती, रिक्षाने आली हे खरं, पण बाजारात फिरली.

आपल्या देशाचा म्हाताऱ्या माणसांवरचा जो मोठा सर्व्हे आहे, लासी, मुंबईच्या आयआयपीएस ह्या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने केलेला, ७२ हजारांवर माणसांचा, त्यात साठीच्या वरच्यांना चार मीटर चालायला लावून वेळ घेतलाय. म्हणजे सरकारी सर्व्हेत जमतं, मग गावच्या उपकेंद्रात का जमू नये? आमच्याकडच्या नर्सबाई महिन्यातून एकदा देवळाच्या मंडपात येतात, बीपी-शुगर बघतात, वहीत लिहितात. मंडपाची जमीन सपाट आहे, लांबी भरपूर आहे, खडूने दोन रेषा मारायच्यात. मी त्यांच्याशी बोलले, त्या म्हणाल्या वरून कळवलं तर करू. तर पुढच्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी लेखी देणार आहे, नर्सबाईंच्या वहीत बीपीच्या शेजारी चालीच्या वेळेचा एक रकाना, आणि पंचायतीच्या ऑफिसच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरायला कठडा. निराधारांच्या पेन्शनचे कागद द्यायला ह्याच बायका त्या पायऱ्या चढतात, आणि पावसात त्या चिऱ्यावर शेवाळ असतं. अर्जावर आईची सही आहे, मावशीचीही आहे, भजनातल्या बाकीच्या बायकांच्या ह्या आठवड्यात घेते.